दोन भाग आत

आधी त्यानं कपडे वाळत घालायचा खांब नेला,
मग खुराडं, मग कुत्रीच्या थडग्यावरचा दगड,
आणि एका सप्टेंबरात, वादळाच्या शेपटाखाली,
थडगंच.
ओडेसा पेटिफर्ड हे सांगते
हिशेबाच्या वहीतून वाचल्यासारखं.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
वळण कुठं कापतं ते तिला कळतं.

डरहॅमच्या पूर्वेला, घरांच्या पाठी,
हा ओढा नकाशात निळ्या दोऱ्याएवढा.
ऑगस्टमध्ये बेडूकही त्यात घोट्यापर्यंतच भिजतो.
पण वर दुकानांचं डांबर आहे, नवं चर्च,
चर्चपेक्षा मोठं त्याचं पार्किंग.
दहा मिनिटं पाऊस, की सगळ्या छपरांचं पाणी
एकाच दारातून सुटलेल्या गर्दीसारखं येतं
तांबड्या मातीला खांदे मारत.

व्हर्जिल होता तेव्हा त्यानं काय नाही टाकलं:
फुटकं काँक्रीट, टायर,
एक अख्खा फ्रीज, दारासकट.
वर्षभर टिकलं.
मग पाणी फ्रीजला वळसा घालून
ब्लॅलॉकांच्या कुंपणात शिरलं,
आणि दोन घरांचं बोलणं तुटलं.

नगरपालिकेची मुलगी आली, टॅमसिन,
मांडीपर्यंत रबरी बूट.
उभ्या काठात लोखंडी सळ्या खुपसून गेली,
वर्षानं येऊन मोजलं किती उघड्या पडल्या:
एक वीत, चार बोटं.
म्हणाली, भिंत नको, उतार हवा.
त्याला तुमच्या अंगणातली अकरा फूट जागा लागेल.

ओडेसा हसली.
चोर येतो म्हणून त्याला किल्ली द्यायची?
बोट दिलं तर मनगट धरणारा आहे हा.
मुलगी बुटावरचा चिखल काडीनं काढत राहिली.
मग म्हणाली, धरलंय आधीच.

रात्री ओडेसानं दोरी लावून पाहिली.
अकरा फुटांत व्हर्जिलचं अंजीर येत होतं.
तीन आठवडे तिनं फोन उचलला नाही.
मग सही केली,
आणि अंजिराच्या चार फांद्या कापून
बादलीत उभ्या केल्या.

फेब्रुवारीत, झाडं झोपेत असताना,
वाळुंजाच्या काठ्या आल्या, अंगठ्याएवढ्या जाड,
दोन रात्री पाण्यात भिजवलेल्या.
काठाच्या पायथ्याशी काथ्याच्या लांब वळकट्या;
तो वास गल्लीत कुणाच्या ओळखीचा नव्हता.
एका पोरानं नाक लावून सांगितलं: दोरखंड. नाही, केक.

डोळे वर, टोक खाली.
दोन भाग आत, एक भाग बाहेर.
पहारीनं भोक, मोगरीचे ठोके, टाचेनं माती दाबायची.
थोरले ब्लॅलॉक कुंपणापाशी उभे होते,
चौऱ्याऐंशी वर्षांचे, स्वतःची मोगरी घेऊन.
नऊ वर्षांनी पहिलं वाक्य बोलले:
"ती उलटी ठोकतेयस."

उलटीच होती.
तिनं ती उपटली नाही.

एप्रिलचा लोंढा आला तेव्हा
काठ्यांना धड पान नव्हतं.
एक वळकटी दोर तोडून पुलाखाली अडकली,
खुंट्या मारून परत बांधली.
हरणांनी वरची रांग कुरतडली.
एकशे वीसातल्या सत्तेचाळीस मेल्या.
चर्चमधल्या बायका म्हणाल्या,
या काड्यांसाठी अंगण दिलंस?
ओडेसानं एक काडी धरून ओढली, त्यांना दाखवायला.
हलली नाही.
दोन्ही हातांनी ओढली.
मग हात झटकून कॉफी करायला आत गेली.

उलट्या काठीला मे महिन्यात कोंब आला,
आधी खाली निघाला, जमिनीच्या दिशेनं,
मग बोटभर अंतरावर थांबून,
मोठी बस अरुंद गल्लीत वळवावी तसा,
वर.

आज तीन वर्षांनी नवी सळई बघायला
दोघं उताराला टेकत खाली उतरले.
अर्ध्या बोटाएवढी उघडी.
"अजून खातोय," ब्लॅलॉक म्हणाले.
"खाऊ दे," ती म्हणाली, "तेवढं."
त्यांच्या कोटाच्या खिशात
तिच्या बादलीतल्या अंजिराची पहिली तीन फळं,
एक दबून फुटलेलं.